पाण्याजवळ नको

“ह्याला बहीण हाय का?” तिनं विचारलं, आणि मला मनातून फार बरं वाटलं.

टेबलावर एकोणीस वर्षांचे अंक सुटे करून मांडले होते. दिगंतला कोण आहे आणि कोण नाही, हे तेव्हा कोल्हापुरातल्या शाळेत जाणाऱ्या कुठल्याही पोरानं झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. आणि ही बाई त्याच्या गोष्टी लिहायला आली होती.

“बहीण नाही,” मी म्हणालो. “भाऊ नाही. आईवडील पहिल्याच अंकात वादळात गेले.”

“मग दिवाळीला जातो कुठं?”

“कोण?”

“ह्योच की. तुमचा दिगंत. फराळाला जात आसंल न्हवं कुणाकडंतरी?”

मी आण्णांकडे बघितलं. आण्णा मगदूम म्हणजे आमच्या प्रकाशनाचे मालक. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता आणि ते चक्क हसत होते. माझं बरं वाटणं तिथंच संपलं.

हे सत्त्याऐंशी सालचं. लक्ष्मीपुरीत खाली छापखाना आणि वर आमचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, तीत तीन टेबलं, भिंतीला दोरी आणि दोरीवर चिमट्यांनी वाळत लावलेली चित्रं. तिथून दर महिन्याला ‘दिगंत’ निघे, बत्तीस पानांची चित्रकथा. रत्नपूर शहरात हवामान खात्यात दिगंबर सावळे नावाचा एक पुचाट कारकून असतो. दिवसभर रकान्यांत वाऱ्याचा वेग भरत बसतो, साहेबाची बोलणी खातो. पण कुठं संकट आलं की तो गुपचूप गच्चीवर जातो, सदरा काढतो आणि अंगाला वारा लागला की त्याचा दिगंत होतो. मग तो उडतो, आगगाडी थोपवतो, डोंगराचा कडा खांद्यावर पेलतो. पहिला अंक निघाला तेव्हा मी मॅट्रिकला होतो आणि त्या वर्षी गणितात नापास झालो त्याचं कारण दिगंतच होता.

लिहिणारे एकच, गजानन तेरदाळकर सर. शाळेत इतिहास शिकवायचे. पुढं त्यांच्या हाताला मी आलो. सर तोंडानं सांगत, मी उतरवून घेई. कुठल्या अंकात काय झालं, कोण मेला, कोण नुसता मेल्यासारखा पडला, हे सर माझ्याकडून विचारून घेत. “इंगवले, कर्कोटकाचा डोळा कुठला रे गेलेला?” “डावा, सर.” असं आमचं चाले. त्या वर्षी आषाढात सर गेले. त्यांच्या टाचणावरून पुढचे दोन अंक मी लिहिले आणि ते निघालेही. एजंटांनी गठ्ठे परत पाठवले, पण एजंट काय, ते कशालाही नाक मुरडतात.

सरांची वेताची खुर्ची तेव्हापासून रिकामी होती. मी तिच्यावर रोज सकाळी फडकं मारत असे, पण बसत नसे. दिवाळी अंकाच्या आधी आण्णा स्वतः म्हणतील, “भालचंद्र, बस तिथं,” असं मी धरून चाललो होतो. तसे ते म्हणालेही. फक्त मला नाही म्हणाले.

“बसा की बाई, उभ्या का?” असं म्हणून त्यांनी ती खुर्ची रेहाना मुजावर नावाच्या त्या कागलच्या बाईला पुढं ओढून दिली.

ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. बालवाडीवर शिक्षिका होती. तिची मुलांसाठी लिहिलेली एक श्रुतिका रेडिओवर लागली, ती आण्णांनी दाढी करताना ऐकली आणि म्हणे शेवट ऐकायच्या नादात अर्धा गाल तसाच वाळला. तेवढ्यावर त्यांनी तिला पत्र घालून बोलावून घेतलं. कागलकडच्या बायका बोलतात तसं ती ‘मी आलो, मी वाचतो’ असं बोले. हिच्या तोंडून आता दिगंत बोलणार, या विचारानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“दोघंबी लिवा,” आण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले. “घटस्थापनेला वाचू. ज्याचं जमंल त्याचा दिवाळी अंक. आन् ज्याचा दिवाळी अंक, त्याची खुर्ची.”

“आण्णा, तिनं एकही अंक वाचलेला नाही.”

“मग वाचंल की. तू हाईस न्हवं समजावून द्यायला?”

म्हणजे मी माझ्या हातानं तिला तयार करायचं होतं. माझ्या पोटात जे काही दुखायला लागलं ते त्या दिवसापासून.

पण समजावून दिलं मी. अगदी मनापासून दिलं, कारण मला दाखवून द्यायचं होतं की हे किती आहे आणि तिला किती कमी येतं. दिगंत कधी कुणाचा जीव घेत नाही. त्याला सदरा काढताना कुणी बघता कामा नये. तार-ऑफिसातली नलिनी त्याच्यावर प्रेम करते, पण दिगंबर सावळेला ओळखतही नाही. डॉक्टर कर्कोटक दर वेळी पळून जातो, लोखंडी जहागीरदार दर वेळी तुरुंगात जातो, यात उलटापालट चालत नाही. आणि पाणी.

“पाण्याचं काय?” तिनं विचारलं.

“दिगंतला सगळं बळ वाऱ्याचं. पाण्याखाली वारा नाही. तिथं तो नुसता कारकून. सत्ताविसाव्या अंकात कालव्यात पडला होता, कोळ्यांनी जाळं टाकून काढला म्हणून वाचला. तेव्हा सरांनी नेम घालून दिला, पाण्याजवळ नको. वाचणाऱ्याला हा बुडणारा माणूस आहे याची आठवण राहिली तर त्याच्या उडण्याची मजा काय राहणार? तेव्हापासून दिगंत पाण्याजवळ गेलेला नाही. मी जाऊ दिलेला नाही.”

यात बढाई नव्हती. आमचे चित्रकार दत्तोबा मिस्त्री यांनी एकदा दिगंतच्या मागं हौसेनं तळं काढलं होतं, कमळांसकट. मी त्यांना त्यावर पांढरा रंग मारायला लावून तिथं मैदान करून घेतलं. मिस्त्री आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते.

“बरं,” ती म्हणाली, आणि पुढचा अंक उचलला.

ती वाचायची तेही मला बघवत नसे. ती काही टिपून घेत नव्हती. मधेच नको तिथं हसे. आगगाडी दरीत कोसळते आहे, दिगंत उडत येतो आहे, आणि ही फिदीफिदी हसते आहे.

“काय झालं?”

“न्हाई, ह्ये बगा. हितं हाफिसातनं पळताना डबा टेबलावरच सोडलाय. परत आल्यावर मुंग्या लागल्या असतील.”

मिस्त्री खो खो हसले. एकोणीस वर्षं तो डबा मिस्त्री काढत होते आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःचं स्टूल ओढून तिच्या टेबलाशी नेलं. त्यांना मुळात सिनेमाचे बोर्ड रंगवायची सवय, बोलायला माणूस लागे. मी बारा वर्षं त्यांच्या शेजारी बसत होतो. आमचं बोलणं म्हणजे “शेला जांभळा ना?” “जांभळाच.”

“मिस्त्रीकाका,” ती एकदा म्हणाली, “तुमाला काय काढायला आवडतंय?”

मिस्त्रींनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, “खरं सांगू का पोरी? बघ्यांची गर्दी. मारामारी काय, कुणीबी काढंल. पन मारामारी बघत हुबी ऱ्हायल्याली मानसं, त्येंची तोंडं! त्ये मला लई आवडतं. पन इंगवले गर्दी लिवतच न्हाई. नुसती हाणाहाणी.”

“विचारायचं होतं, लिहिली असती,” मी माझ्या टेबलावरून म्हणालो.

“तुमी इच्यारलंसा कवा?” मिस्त्री म्हणाले.

घरी आल्यावर मी बायकोला हे सगळं सांगितलं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, “तुम्ही जळताय.” मी म्हणालो, “मी? त्या बालवाडीच्या बाईवर?” ती म्हणाली, “मग जेवा की नीट, अर्ध्यावरून का उठताय?” खरंच उठलो होतो. मी जळत होतो, आणि रात्रंदिवस जळत होतो. ती पायऱ्या चढून आली की मला आधी तिच्या चपला दिसत आणि त्या चपलांचाही राग येई.

त्या रागाच्या भरात मी लिहिलं मात्र झपाट्यानं. गोष्टीचं नाव ‘महासंग्राम’. कर्कोटक, लोखंडी जहागीरदार, सात सावल्या, वाळूचा राजा, एकूण एक शत्रू एकाच अंकात एकवटून रत्नपुरावर चाल करून येतात आणि दिगंत एकेकाला त्याच्या त्याच्या जुन्या खोडीवर पकडतो. एकोणीस वर्षांतला एकही धागा मी सुटू दिला नव्हता. हे लिहायला सगळं पाठ असलेला माणूस लागतो, आणि तो जगात एकच होता.

घटस्थापनेच्या दिवशी दुपारी आण्णांनी छापखान्यातल्या लोकांना घरी सोडलं आणि आम्ही चौघं वर बसलो.

आमच्याकडे गोष्ट हातात देत नसत, वाचून दाखवत. ही सरांची पद्धत. एक पान वाचायचं आणि थांबायचं. ऐकणाऱ्यांपैकी कुणी “पुढं” म्हटलं तरच दुसरं पान. कुणी म्हटलं नाही तर सर कागदाची घडी करून खिशात घालत आणि घरी जात. राग नाही, लोभ नाही. दोन-तीनदा तसं झालेलं मी बघितलं होतं. भिडेखातर ‘पुढं’ म्हणायचं नाही, असं सरांनी सगळ्यांना बजावलेलं होतं.

आधी मी वाचलं. पहिलं पान संपलं आणि मी थांबलो.

“हां!” मिस्त्री म्हणाले. “वाळूचा राजा! इसरूनच गेल्तो मी. बरोबर.”

मी पुढं वाचलं. जहागीरदाराचा लोखंडी पंजा कसा निसटतो ते आलं. “बरोबर,” आण्णा म्हणाले. “तुरुंगात त्यानं तसंच केल्तं.” सात सावल्यांना दिगंत दुपारी बारा वाजता गाठतो तिथं मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. “बरोबर हाय! सावलीच न्हाई ऱ्हात!” मला अक्षरशः गुदगुल्या होत होत्या. प्रत्येक पानावर कुणी ना कुणी “बरोबर” म्हणत होतं. मी शेवटचं पान वाचून कागद खाली ठेवले तेव्हा मला घाम आला होता.

“सगळं आलं रे भालचंद्र,” आण्णा म्हणाले. “कायसुदीक सुटलं न्हाई.”

मी रेहाना मुजावरकडे बघितलं. ती मान हलवत होती. “भाऊंना लई ठावं हाय,” ती मिस्त्रींना म्हणाली. मला ते कौतुकच वाटलं.

मग तिनं वाचायला घेतलं. तिच्या हातात पाच-सहाच कागद होते, तेही बालवाडीच्या हजेरीपटातले फाडलेले.

तिची गोष्ट ऑफिसात सुरू होत होती. दिगंबर सावळे रकाने भरतो आहे. आज रत्नपुरात वारा पडलेला आहे, पान हलत नाही. साहेब म्हणतो, “सावळे, शून्य लिहा.” तो शून्य लिहितो. पुन्हा शून्य लिहितो. ती थांबली.

“पुढं,” आण्णा म्हणाले.

शहराबाहेर मळ्यातल्या विहिरीत एक पोरगी पडली आहे. बायका ओरडताहेत. ज्यांना पोहता येतं ती माणसं बाजाराला गेलेली. एक म्हातारा दोर सोडतो, तो पुरत नाही. कुणीतरी म्हणतं, दिगंत येईल. सगळे वर बघायला लागतात.

“पुढं, पुढं,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली होती.

तो येतो. वाऱ्याची एक बारीकशी झुळूक मिळते, तेवढ्यावर कसाबसा तरंगत येतो. लोक टाळ्या वाजवतात. पोरीची आई रडायची थांबते. “आला बाई,” असं म्हणून ती पदरानं तोंड पुसते. दिगंत विहिरीच्या काठावर उतरतो आणि खाली बघतो.

“थांबा,” मी म्हणालो.

मी तेवढं जोरात म्हणणार नव्हतो, पण माझी इतक्या दिवसांची जळजळ आनंद होऊन एकदम वर आली. मी उठून उभा राहिलो. “आण्णा, सत्ताविसावा अंक. दिगंत पाण्याजवळ जात नाही. पाण्यात त्याचं काही चालत नाही. हिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि हिनं ज्यात तो बुडतो नेमकं तिथंच आणून उभा केला. मुलं पत्रांचा पाऊस पाडतील आपल्यावर!”

“अगाई गं,” मिस्त्री हळूच म्हणाले. त्यांची पेन्सिल थांबली. “खरंच की.”

आण्णांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. आण्णा चष्मा पुसू लागले की समजावं काम नासलं. मी रेहाना मुजावरकडे बघितलं. ती घाबरेल, निदान ओशाळेल, अशी माझी अपेक्षा होती.

“व्हय, भाऊ,” ती म्हणाली. “तुमीच सांगितलासा की. एवढ्या सगळ्यात मला तेवढंच आवडलं.”

“आवडलं म्हणजे?”

“म्हंजे गावाला ठावं न्हाई, त्यो बुडतो म्हणून. आईला ठावं न्हाई. ती तोंड पुसून बसलीया. ठावं कुणाला? त्याला. म्हणून तर त्यो नुसता हुबा हाय.” तिनं हातातला कागद आमच्याकडे वळवला. “ह्या पानात कोण कायबी बोलत न्हाई. त्यो खाली बघतोय आन् गर्दी त्याच्याकडं बघतीया. गर्दी मिस्त्रीकाकांनी काढायची.”

मिस्त्रींच्या तोंडात तंबाखू होती, ती त्यांनी तशीच गिळली की काय कोण जाणे.

बारा वर्षं. बारा वर्षं मी त्या पाण्यावर पहारा करत होतो. तळी बुजवली, नद्या पुसल्या, एकदा तर धो धो पावसातलं दृश्य होतं तिथं छत्री दिली. दिगंत बुडतो हे माझ्याइतकं नीट कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याला पाण्याच्या काठावर आणून उभा करावा हे मला एकदाही सुचलं नव्हतं. तिला ते डबा बघता बघता सुचलं. तेव्हा मला जे झालं त्याला जळणं म्हणणं कमी आहे. तिच्या हातातला तो हजेरीपटाचा कागद हिसकावून घ्यावा आणि हे मी लिहिलं म्हणून सांगावं, असं मला वाटलं.

आण्णांनी चष्मा परत डोळ्यांवर घातला. “भालचंद्र,” ते म्हणाले, “नेम सरांचा. सांभाळलास तू. तवा आता मी बोलणार न्हाई, मिस्त्री बी न्हाई. ही एक पान वाचंल. पटलं तर तू पुढं म्हण. न्हाई म्हटलास, तर ती कागद घडी करंल, आन् दिवाळी अंक तुझा. मग माझं कायबी म्हणणं न्हाई.”

मी खाली बसलो. एवढं सोपं होईल असं मला वाटलं नव्हतं. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

ती वाचू लागली.

दिगंत काठावर उभा आहे. गर्दीतला एक जण म्हणतो, “काय बघतोस? घाल की उडी.” दिगंत त्याच्याकडे बघतो. मग तो पोरीच्या आईकडे बघतो. तो खांद्यावरचा शेला काढतो, नीट घडी करतो आणि तिच्या हातात देतो. ‘एवढं धरा,’ म्हणतो. आईला त्याचं नवल वाटतं, कारण दिगंत कधी शेला काढत नाही. मग तो नाक धरतो, लहान मुलं धरतात तसं, आणि उडी टाकतो. पाण्याखाली अंधार आहे. त्याचे हात पुन्हा कारकुनाचे झाले आहेत, बोटाला शाई लागलेली आहे. खाली काहीतरी पांढरं दिसतं, पोरीचा परकर असावा. तो तिकडे हात लांब करतो. वर चौकटीत विहिरीचा गोल दिसतो आणि गोलाच्या कडेनं सगळी तोंडं. मग ती तोंडं लहान होतात. मग आणखी लहान होतात.

ती थांबली. नियमाप्रमाणे थांबली, आणि कुणाकडेही न बघता बसून राहिली.

खाली रस्त्यावरून हातगाडी गेली. आण्णा छताकडे बघत होते. मिस्त्री माझ्याकडे बघत होते, पण मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. मी त्या बोटांच्या शाईकडे बघत होतो. परकर हाताला लागला की नाही? पुचाट होता सावळे. त्याला जिना चढताना धाप लागते, बाराव्या अंकापासून लागते. श्वास किती वेळ पुरेल त्याचा? आणि नाक धरलेला हात सोडल्याशिवाय तो तिला धरणार कसा?

“पुढं?” कुणीतरी म्हणालं.

मिस्त्री खुदकन हसले तेव्हा मला कळलं की ते मी होतो.

आण्णांनी टेबलावर हलकेच हात आपटला. “झालं तर मग,” ते म्हणाले. बस्स, तेवढंच म्हणाले. इतकी वर्षं झाली, त्या खुर्चीचा निकाल लागला तो असा, माझ्याच तोंडानं. आणि मला त्या क्षणी त्याचं काही नव्हतं. मी तिच्या हाताकडे बघत होतो. माझ्या वाचनात सगळ्यांनी ‘बरोबर’ म्हटलं होतं आणि ‘पुढं’ कुणीच म्हटलं नव्हतं, पानं मी आपली आपणच उलटत गेलो होतो, हेसुद्धा माझ्या मागाहून लक्षात आलं.

“वाचा ना,” मी म्हणालो.

“पुढं न्हाई भाऊ,” ती म्हणाली. तिनं कागदाची मागची बाजू दाखवली, तिथं मुलांची हजेरी होती. “एवढंच झालंय. मला वाटलं, माझं काय कोण पुढं म्हणणार न्हाई.”

“नाही म्हणजे काय? माणूस पाण्यात आहे, बाई!”

“भालबा,” मिस्त्री म्हणाले, “पानी प्या जरा. तुमचंच त्वांड बुडाल्यागत झालंय.”

तिला पाचच्या गाडीनं कागलला जायचं होतं. पुढची पानं ती सोमवारी आणणार होती. आण्णा म्हणाले, “भालचंद्र, बाईंना स्टँडवर सोड.” ते म्हणाले नसते तरी मी गेलो असतो. रस्ताभर मी तिच्या एक पाऊल मागं चालत तिला दिगंत कसा बाहेर काढायचा ते सांगत होतो.

“त्याच्या कमरपट्ट्यात हवेची कुपी आहे. धुराच्या गुहेत वापरली होती त्यानं.”

“ती माझ्याबी ध्यानात आली. म्हणून मुद्दाम घेतली न्हाई.”

“बरं, मग नलिनी. नलिनी दोर घेऊन येते.”

“नलिनी तार-हाफिसात हाय की. तिला कोण सांगणार?”

“मग विहिरीच्या तळाला भुयार. सोळाव्या अंकात रत्नपुराखाली भुयारं दाखवली आहेत, मी पुरावा देतो.”

ती रस्त्यातच थांबली आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात खोचकपणा नव्हता, म्हणून ते मला जास्तच झोंबलं. “भाऊ, तुमी त्याला लई जपताय. तुमच्या हातात त्यो कवाच मरणार न्हाई.”

“मरायला नकोच आहे!”

“तेच तर म्हणतो मी.”

स्टँडवर कागलची गाडी लागलेली होती. ती चढली, खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभा होतो. निघून जायला हवं होतं, माझं तिथं काही काम नव्हतं. कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली, तसा मी खिडकीची दांडी धरून बरोबर चालू लागलो.

“बाई, एवढंच सांगा,” मी म्हणालो. “मी कुणाला बोलणार नाही. आण्णांनाही नाही. बाहेर कसा येतो तो?”

“येतो असं मी कुठं म्हटलो?” रेहाना मुजावर म्हणाली.

मला दांडी सोडावी लागली. गाडी फाटकातून वळून दिसेनाशी झाली. सोमवार यायला अजून कितीतरी वेळ होता. इतकी वर्षं मी दिगंतचं सगळं सांभाळलं, त्याचा शेला, त्याचे शत्रू, त्याच्या खोडी, पण त्याची काळजी अशी मला एक दिवसही वाटली नव्हती. ती आता वाटत होती, आणि ती त्या बाईनं लावली होती, मी नाही. मला तिचा इतका राग आला की मी घरी जायचं सोडून तिथल्या बाकावर बसून राहिलो, आणि बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं की मी श्वास धरून ठेवला आहे.